बारा वर्षं जिम्नॅस्टिक्स, मग नऊ महिने कॉम्पिटिशन बॅच: माझा पूर्ण रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मी मुख्यतः त्या मुलामुलींसाठी लिहितेय ज्यांनी लहानपणापासून जिम्नॅस्टिक्स केलंय, आता ते सुटलंय किंवा सुटत आलंय, आणि अंगातली ताकद कुठे लावायची ते कळत नाहीये. मी सहाव्या वर्षी सुरू केलं, अठराव्या वर्षी थांबले, मध्ये दोन वर्षं काहीच केलं नाही आणि मग क्रॉसफिट पद्धतीच्या एका फंक्शनल फिटनेस बॉक्सची (अशा जिमला बॉक्सच म्हणतात) कॉम्पिटिशन बॅच लावली. आता नऊ महिने झालेत, एक स्पर्धा पण खेळून झाली. बॉक्सचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण एक मोठी तक्रार होती, ती मिटली, आता त्यावरून कुणाची बदनामी नको. पण कोचिंग कसं आहे ते सगळं सांगते, म्हणजे तुम्ही कुठेही चौकशीला गेलात तरी काय विचारायचं ते कळेल.

मी गेले तेव्हा डोक्यात पक्कं होतं की हा खेळ आपलाच आहे. कारणही होतं तसं. क्रॉसफिट सुरू करणारे ग्रेग ग्लासमन स्वतः जिम्नॅस्ट होते, आणि २०११ ते २०१६ या सहा वर्षांत क्रॉसफिट गेम्समध्ये महिलांचं विजेतेपद पाच वेळा जिम्नॅस्टिक्समधून आलेल्या मुलींकडे गेलं, ॲनी थोरिसडॉटिर २०११ आणि २०१२, कमिल लब्लांक-बाझिने २०१४, काट्रिन डेविडसडॉटिर २०१५ आणि २०१६. मधलं २०१३ तेवढं सॅम ब्रिग्जचं, ती फायरफायटर, तिचा दमच वेगळा. हे सगळं मी हेड कोचना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या स्वतः वेटलिफ्टिंगमधून आल्यात, आम्ही सगळे त्यांना मॅडमच म्हणतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. आता ते मधलं वर्ष लक्षात ठेव आणि चल, रोईंग मशीनवर बस."

दोन हजार मीटर. मी मशीनच्या चाकाजवळचा डँपरचा खटका सरळ दहावर नेला, मला वाटलं जास्त आकडा म्हणजे जास्त ताकदवान माणसासाठी. मॅडमनी तो चारवर आणला आणि सांगितलं की हा गिअर किंवा वजन नाहीये, चाकात हवा किती जाऊ द्यायची एवढंच तो ठरवतो, जोर तुझ्या पायातून यायला हवा. मी सुटले ती पहिले ५०० मीटर १:४८ मध्ये. पुढचे ५०० मीटर २:१२. तिसरे २:२७, आणि तेव्हा मला हँडल हातात आहे का नाही तेही कळत नव्हतं, जबडा आवळलेला, मांड्या पेटलेल्या. शेवटचे २:२५. एकूण ८:५२. शेजारी एक काकू होत्या, माझ्या आईच्या वयाच्या, त्यांनी त्याच वेळेत रो करून वर माझ्यासाठी पाणी आणलं.

मग मॅडमनी बोर्डावर माझे चार आकडे लिहिले आणि विचारलं, तुझं सगळ्यात मोठं रुटीन किती वेळाचं असायचं? बीम आणि फ्लोअर जास्तीत जास्त ९० सेकंद, बार्स त्याहून कमी, व्हॉल्ट तर काही सेकंदांचा. "म्हणजे तुझं शरीर दीड मिनिटाचं आहे आणि त्या दीड मिनिटात तू श्वास पण धरून ठेवतेस." हे ऐकून मी गप्पच झाले, कारण अगदी खरं होतं. आम्हाला कुणी श्वास घ्यायला शिकवलंच नव्हतं, पोट आत, अंग घट्ट, आणि पास (उड्यांची एक मालिका) संपला की सोड श्वास. बारा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि इथे पहिल्या तासात कळलं. माझ्या मते या बॉक्सचे पैसे तिथेच वसूल झाले.

त्यानंतर जे झालं त्याचा मला तेव्हा फार राग आला होता. पहिले सहा आठवडे माझं जे जे चांगलं होतं ते सगळं वॉडमधून, म्हणजे त्या दिवसाच्या ठरलेल्या वर्कआउटमधून, काढून टाकलं. मसल-अप (लटकून थेट बारच्या किंवा रिंग्जच्या वर जाणं) नाही, हँडस्टँड वॉक नाही, पुल-अप मोजून. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं स्किलसाठी, बाकी काय तर तीन दिवस चाळीस-चाळीस मिनिटं रोईंग किंवा बाइक, ते पण इतक्या हळू की बोलता आलं पाहिजे, आणि दोन दिवस स्क्वॉट आणि डेडलिफ्ट. मी म्हटलं मॅडम मी स्पर्धेसाठी आलेय, ही तर आजी-आजोबांची बॅच वाटतेय. त्या म्हणाल्या तुला जे येतं ते करून तू खूश होतेस, पण स्पर्धेत गुण त्या गोष्टीवर जातात जी तुला येत नाही. आणि हे गणित समजून घ्या, कारण जिम्नॅस्टिक्सपेक्षा उलटं आहे. तिथे मी बीमवर कच्ची होते तर बाकी तीन अपरेटसवर (साधनांवर) सावरून घ्यायचे, किंवा टीममध्ये फक्त माझा अपरेटस करायचे. इथे तसं नाही, प्रत्येक इव्हेंटला तुमचा नंबर किती यावरून गुण मिळतात, मसल-अपमध्ये पहिली आलात आणि रोईंगमध्ये शेवटून दुसरी आलात की पहिल्या इव्हेंटचं सगळं धुऊन निघतं.

आता तक्रार. पहिल्याच आठवड्यात मॅडम दोन दिवस नव्हत्या आणि बॅच दुसऱ्या ट्रेनरकडे होती. बोर्डावर सिंडी होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वीस मिनिटांत जितके जमतील तितके राउंड, प्रत्येक राउंडला ५ पुल-अप, १० पुश-अप, १५ स्क्वॉट. माझी पुल-अपची मर्यादा मॅडमनी लिहून ठेवली होती पण त्या ट्रेनरनी वही बघितलीच नाही, उलट मी जिम्नॅस्ट आहे कळल्यावर सगळ्यांना सांगितलं हिच्याकडे बघा, आणि मग काय, सगळे बघतायत म्हटल्यावर मी थांबणार थोडीच. २२ राउंड. म्हणजे ११० पुल-अप, २२० पुश-अप, ३३० स्क्वॉट, दोन वर्षांच्या गॅपनंतर. दुसऱ्या दिवशी दंड सुजले, कोपर सरळ होईनात, केस बांधायला हात वर जाईना, चार दिवस असंच. डॉक्टरांकडे गेले, रक्तात सीके (स्नायू तुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं निघालं, दोन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली.

हे जिम्नॅस्ट लोकांनी नीट वाचा प्लीज. रॅब्डोमायोलिसिस म्हणून प्रकार असतो, स्नायू इतके तुटतात की त्यातला कचरा रक्तात उतरतो आणि किडनीवर ताण येतो, लघवी काळ्या चहासारखी गडद होते, तसं दिसलं तर घरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. माझं तिथपर्यंत गेलं नाही पण जाऊ शकलं असतं. आणि धोका नवख्यापेक्षा आपल्याला जास्त आहे, कारण नवखा माणूस दहा पुल-अपला लटकतो आणि थांबतो. आपल्याला मात्र हालचाल लक्षात असते, डोकं आणि नसा विसरत नाहीत, पण स्नायूंची तेवढ्या रेप्सची (आवर्तनांची) सवय गेलेली असते, त्यामुळे शरीर थांबवायच्या आत आपण शंभर करून बसतो. मॅडम परत आल्यावर त्यांनी स्वतः फोन केला, माफी मागितली, आणि आता त्या बॉक्समध्ये नियम आहे की कुठल्याही खेळातून आलेल्या नवीन माणसाच्या रेप्सची मर्यादा बोर्डावर त्याच्या नावापुढे लिहायची. म्हणून मी राहिले. पण एक स्टार मी त्याच्यासाठीच कापलाय आणि तो परत देणार नाही.

वेटलिफ्टिंगचं कोचिंग, हा भाग मला सगळ्यात आवडला आणि इथे थोडं सविस्तर लिहिते. स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर नेणं, शिकायला महिनाभर फक्त प्लास्टिकचा पाइप दिला. मला वाटलेलं माझी लवचिकता बघून मॅडम खूश होतील, ओव्हरहेड स्क्वॉटमध्ये मी पहिल्याच दिवशी खालपर्यंत बसले. त्यांनी मागून फिरून बघितलं आणि माझ्या कमरेवर तळहात ठेवला, "हे काय आहे?" कंबर पूर्ण आत गेलेली, बरगड्या पुढे. खांद्यातून जी हालचाल यायला हवी ती मी कमरेतून चोरत होते, पाइप आहे म्हणून चाललं, चाळीस किलोला हेच केलं तर? जिम्नॅस्ट मुलींमध्ये कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होण्याचं प्रमाण तसंही जास्त असतं, ब्रिज, वॉकओव्हर, लँडिंग यांनी वर्षानुवर्षं तिथेच मार बसलेला असतो. मग त्यांनी मला जमिनीवर झोपवलं आणि हॉलो होल्ड (कंबर जमिनीला चिकटवून हात-पाय उचलून धरणं) करायला सांगितलं. तो तर मी झोपेत पण करेन. म्हणाल्या, हाच आकार घेऊन उभी राहा, हाच घेऊन पाइप डोक्यावर ने. एका मिनिटात कळलं! जी भाषा मला येत होती त्याच भाषेत सांगितलं त्यांनी, आणि स्वतः जिम्नॅस्टिक्स न केलेल्या माणसानं एवढा विचार करून ठेवावा याचं मला खरंच फार कौतुक वाटलं.

दुसरी सवय पायांची. आम्ही लँडिंग पाय जवळ ठेवून करतो आणि हवेत पंजे ताणलेले असतात. स्नॅचमध्ये मी जोर लागायच्या आधीच चवड्यांवर जायचे, मग बार पुढे पळायचा, आणि कॅचला, म्हणजे बार डोक्यावर झेलताना, पाय एकमेकांना चिकटलेले. मॅडमनी खडूनं जमिनीवर दोन चौकोन काढले, एक खेचताना पाय कुठे आणि एक कॅचला कुठे, आणि टाचेखाली एक कागद ठेवला. बार मांडीच्या वर येईपर्यंत त्यांनी कागद ओढला तर निघता कामा नये. तीन आठवडे तो कागद निघत राहिला. ज्या दिवशी नाही निघाला त्या दिवशी मी तीस किलो असं उचललं की बार वर गेला कधी ते समजलंच नाही.

बॉक्स जंपमध्ये (खोक्यावर उडी मारायची) उलटी गंमत, तिथे मला उतरल्यावर स्टिक करून थांबायची सवय, प्रत्येक रेपला अर्धा सेकंद जातो. पण मॅडमनी उसळी मारून लगेच वर जायला अजून दिलेलं नाही, दमलेल्या पायांनी तसं करताना टाचेची शिर तुटू शकते, त्यामुळे मी खाली पाय टाकत उतरते आणि ठीक आहे.

किपिंगबद्दल, म्हणजे अंगाचा झोका वापरून लटकायचे व्यायाम करण्याबद्दल, सगळे विचारतात म्हणून लिहिते. आर्च आणि हॉलो आपल्याला येतंच, त्यामुळे किपिंग पुल-अप आणि टोज टू बार पहिल्या दिवशी जमतात. पण आपण ते सुंदर करायला जातो. टोज टू बार मी सरळ पायांनी, पंजे ताणून करायचे, बघणारे टाळ्या वाजवायचे आणि पंधराव्या रेपला पोट संपायचं. इथे पंजे बारला लागले की रेप झाला, गुडघे वाकले म्हणून गुण कापायला कोणी बसलेलं नाही. गुडघे वाकवून पटकन खाली आणायचं शिकायला मला दोन महिने लागले कारण आतून कोणीतरी ओरडायचं की पाय सरळ ठेव. उलट जिथे आपण दुर्लक्ष करतो तिथे जज रेप मोजतच नाही. थ्रस्टरला (स्क्वॉटमधून उठत बार डोक्यावर) कंबर आणि गुडघे वर पूर्ण उघडले नाहीत, नो-रेप. वॉल बॉल (स्क्वॉटमधून उठत भिंतीवर फेकायचा जड बॉल) रेषेच्या एक इंच खाली लागला, नो-रेप. हँडस्टँड पुश-अपला पण तेच, आपली सवय हात खांद्याइतके आणि अंग एका रेषेत, इथे हात थोडे बाहेर, डोकं पुढे, म्हणजे तीन टेकूंचा त्रिकोण होतो, नाहीतर मान दुखते.

आता एक विषय जो मुली एकमेकींत पण बोलत नाहीत. वजन. मी जिम्नॅस्टिक्स करत असताना काटा हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा माणूस होता. या बॉक्समध्ये काटा आहे पण तो स्टोअर रूममध्ये आहे आणि नऊ महिन्यांत मला एकदाही त्यावर उभं केलेलं नाही, मीच जाऊन बघितलं. ४९ वरून ५४ झालेय. पहिल्यांदा ५२ दिसलं तेव्हा मी रडले, खरंच रडले, आणि दोन दिवस नीट जेवले नाही, तिसऱ्या दिवशी स्क्वॉटला पाय थरथरायला लागले. मॅडमनी बार रॅकवर ठेवायला लावला, बाजूला बसवलं आणि पाळी नियमित येते का, झोप किती, दिवसात कितीदा जेवतेस एवढंच विचारलं. वजनाबद्दल एक शब्द नाही. मग म्हणाल्या, अगं रोईंग मशीनला तुझं नाजूकपण दिसत नाही, त्याला फक्त साखळी किती जोरात ओढलीस ते कळतं. हलक्या माणसाला तिथे तोटाच असतो. त्या दिवसापासून मी खाते. ज्या कोचला हा विषय हाताळता येत नाही त्यांच्याकडे जिम्नॅस्ट मुलीनं जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सामानाबद्दल पटकन. रिंग्ज लाकडी आहेत, पट्टे चांगले, उंची कमी-जास्त करता येते. लटकायचे बार २८ मिलिमीटरचे, ज्या मुली अनइव्हन बार्सवर वाढल्यात त्यांना आधी हे बार बारीक वाटतात कारण आपला बार साधारण ४० चा असतो, मुलांना त्रास नाही, त्यांचा हाय बार २८ चाच. आणि जुन्या डॉवेलवाल्या ग्रिप्स (पकडीसाठी छोटी दांडी बसवलेल्या तळहाताच्या पट्ट्या) इथे आणू नका. त्या मोठ्या स्विंगसाठी बनवलेल्या आहेत, इथे दर थोड्या वेळानं बार सोडून बारबेल पकडायचं असतं, ते डॉवेल मध्ये येतं आणि बारीक बारवर ग्रिप अडकून बसली तर मनगट जाईल. मी बोटांची भोकं नसलेल्या साध्या ग्रिप्स घेतल्या, मनगटाकडे फिरवून लगेच मोकळा हात मिळतो. चॉक भरपूर असतो. महिलांचे १५ किलोचे बार मात्र फक्त चार आहेत आणि संध्याकाळी बॅचला आम्ही नऊ मुली, त्यामुळे २० किलोचा जाड बार हातात येतो आणि लहान हातांना हुक ग्रिप (अंगठा बोटांखाली दाबून धरायची पकड) लागत नाही. हे मी दोनदा सांगितलंय, अजून काही झालेलं नाही. संध्याकाळच्या बॅचला गर्दी पण खूप, मॅडमचं लक्ष एका माणसाकडे दहा मिनिटांतून एकदा जातं, शक्य असेल तर सकाळची घ्या.

स्पर्धा आठव्या महिन्यात खेळले, छोटीच, २६ मुली, तीन इव्हेंट. पहिला १००० मीटर रो आणि मग ५० वॉल बॉल. शिट्टी वाजली आणि माझ्या दोन्ही बाजूच्या मुली सुसाट सुटल्या, त्यांच्या स्क्रीनवर १:५० च्या आसपास दिसत होतं आणि माझ्या अंगातली सगळी बारा वर्षं सांगत होती की लाव जोर. मॅडमनी माझ्या हातावर पेनानं २:०६, म्हणजे दर पाचशे मीटरचा वेळ, लिहिलं होतं. मी फक्त तो आकडा आणि स्क्रीन बघत राहिले, एका ओढीला एक श्वास बाहेर. उठले तेव्हा सतरावी होते पण बोलू शकत होते. वॉल बॉलला दोन नो-रेप गेले, माझी उंची १५२ सेंटिमीटर आणि रेषा नऊ फुटांवर, थकलं की बॉल कमीच पडतो, तरी शेवटी अकरावी आले. दुसरा स्नॅचचा, ४२.५ किलो गेलं, ४५ डोक्यावर येऊन मागे पडलं. तिसऱ्यात थ्रस्टर आणि रिंग मसल-अप होते, त्यात मी तिसरी. एकूण आठवी. दोन हजार मीटरची टेस्ट मागच्या महिन्यात परत घेतली, ८:११, आणि चारही पाचशे मीटर एकमेकांपासून दोन सेकंदांच्या आत.

ज्यांना फक्त हँडस्टँड आणि रिंग्ज करत राहायचंय त्यांनी इथे येऊ नका, कंटाळाल. जुनी दुखापत घेऊन येणाऱ्यांनी मात्र नक्की या आणि पहिल्या दिवशी सगळे रिपोर्ट आणा, त्या खरंच वाचतात. माझ्या डाव्या मनगटाचा पंधराव्या वर्षीचा एक्स-रे त्यांच्या फाइलमध्ये आहे, त्यामुळे फ्रंट रॅकला (बार खांद्यांवर पुढून धरताना) मला सुरुवातीला पट्टे लावून बार धरायला दिला होता आणि दर आठ आठवड्यांनी मनगटाची चौकशी होते. गेल्या सोमवारी परत विचारलं, सकाळी उठल्यावर दुखतं का? मी म्हटलं आता नाही. त्यांनी मनगट हातात घेऊन स्वतः वाकवून बघितलं, वहीत तारीख घातली, आणि बारच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोच्या चकत्या लावल्या.